साधनाताई आणि आखाड्यावरच्या वायरी

पहिल्याच दिवशी थोरल्या जाऊबाईंनी माझा हात धरून सगळं घर हिंडवलं आणि कुठं हात लावायचा नाही तेवढंच सांगितलं.

"ह्या खांबाला टेकायचं न्हाई. ओल्या हातानं बटणाला शिवायचं न्हाई. हौदातली मोटर चालू असली तर हौदात बादली बुडवायची न्हाई. आन् लिंबाखाली कपडे वाळू घालायचे न्हाईत. कोणी कितीबी म्हणो, न्हाई घालायचे."

माझ्या अंगावरची हळद अजून उतरली नव्हती. मनात म्हटलं, सासू परवडेल, पण ही जाऊ जड जाणार.

त्यांचं नाव साधना. मी त्यांना ताई म्हणायला लागले. आमचा आखाडा, म्हणजे शेतातलंच घर, हिंगोलीकडच्या पुसेगावपासून थोडं आत, सेनगावकडं जाणाऱ्या रस्त्यालगत. घरात सासरे उकंडराव, सासूबाई पार्वतीबाई, ताईंचे मालक शिवहार, माझे मालक दत्तप्रसाद आणि ताईंची मंजू नावाची लहानगी पोरगी. लिंबाच्या पलीकडं पत्र्याचा कोठा, त्यात शेरडं. सासऱ्यांना आम्ही दोघी मामा म्हणायचो, सासूबाईंना आत्याबाई. मी आले ते दोन हजार सालच्या उन्हाळ्यात.

ताई मला असं का सांगतात ते दोन दिवसांत दिसलं. त्या घरात भिंतींपेक्षा वायरी जास्त होत्या. खांबावरून आलेली तार लिंबाच्या दुबेळक्यात, दोन फांद्या फुटतात तिथं, चिनी मातीच्या गट्टूला बांधलेली. तिथून एक वायर घरात, एक कोठ्यात, एक हौदाकडं. घरात शिरल्यावर तिला फाटे फुटलेले. लाल वायर मध्येच काळी व्हायची, काळी पुढं पांढरी. जोडावर कुठं चिकटपट्टी, कुठं दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक, कुठं नुसतं चिंधूक. टीव्हीची वायर सतरंजीखालून जायची. कूलरची वायर खिळा वाकवून दाराच्या चौकटीला अडकवलेली, दार लावलं की चेपायची. मीटरखालच्या लाकडी बोर्डाचं झाकण कधीच गेलेलं, आतली तांब्याची टोकं उघडी दिसायची.

हे सगळं मामांच्या हातचं काम होतं, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. त्यात खोटं काही नव्हतं. पुसेगावातली लाईन आमच्या आखाड्यापर्यंत आली ती त्यांच्यामुळं. खांब यायला गाडी मिळेना तेव्हा त्यांनी स्वतःच्या बैलगाडीतून खांब ओढून आणले होते. मुरमाड जमिनीत खड्डे त्यांनीच खणले. लाईनमन काम करायचे तेव्हा हे शेजारी उभे राहून सगळं डोळ्यांनी शिकले. पहिल्यांदा बल्ब लागला त्या संध्याकाळी आजूबाजूच्या आखाड्यांवरची माणसं बघायला आली होती, असं आत्याबाई सांगायच्या. त्यानंतर कुणाचा बल्ब लागत नसला की मामांना बोलावणं यायचं. मामा टेस्टर वापरायचे नाहीत. हाताची उलटी बाजू वायरीला टेकवायचे, झटका बसला की हसायचे आणि म्हणायचे, "हाय, लाईन हाय."

ताईंची गोष्ट मला शेतात कळली. सोयाबीनमध्ये आम्ही दोघी खुरपत होतो. मी चेष्टेनं म्हटलं, "ताई, तुमाला वायरीचं लईच भ्या."

त्यांनी खुरपं थांबवलं नाही. खाली बघतच बोलल्या.

"माही बहीण गेली ना त्यात. सेवा. माह्यापेक्षा मोठी. आमच्या शिरड शहापूरच्या घरी कपडे वाळू घालायची तार व्हती. न्हाणीतल्या बल्बची वायर बाबांनी त्याच तारंला गुंडाळून नेलती. कुठंतरी सालटं निघालं असंल. तिनं ओलं लुगडं टाकलं आन् तिथंच चिकटली. मी जवळच धुणं धुऊन राहिलते. धावले धरायला. शेजारच्या दगडोबांनी मला पाठीत लाथ घातली, मी लांब जाऊन पडले. लाथ बसली म्हणून मी हाय."

मग पुढच्या ओळीला लागत त्या म्हणाल्या, "तिचं लगीन ठरलं व्हतं."

सेवा गेल्यावर त्यांच्या वडिलांनी घरातली लाईनच काढून टाकली होती. तिथं तेव्हापासून कंदील. अशा घरातून ताई शहाण्णव साली आमच्या आखाड्यावर नांदायला आल्या, जिथं पाय टाकावा तिथं वायर. शिवहार भाऊजींना त्या सांगायच्या, तर ते वडिलांबद्दल म्हणायचे, "बापूंना कोण सांगंल? त्यांच्या हातची लाईन हाय." नव्या सुनेनं सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती. मग ताईंनी आपल्या परीनं सुरू केलं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून उघड्या जोडांवर चढवले. सतरंजीखालची वायर भिंतीच्या कडेला सरकवली. मंजू रांगायला लागली तेव्हा स्वयंपाक करताना तिच्या कंबरेला लुगड्याची चिंधी बांधून तिला खुंट्याला अडकवून ठेवायच्या. आत्याबाई चिडायच्या, "शेळी हाय का ती?" ताई ऐकून घ्यायच्या आणि पोरीला सोडायच्या नाहीत.

मामांच्या ध्यानात सगळं येत होतं. त्यांनी केलेल्या जोडावर कुणीतरी रबर चढवलेलं दिसलं की ते मुकाट्यानं काढून फेकायचे. ताई पुन्हा चढवायच्या. ह्या घरात दोन माणसं एकमेकांशी एक शब्द न बोलता वर्षानुवर्षं भांडत होती, आणि आम्ही बाकीचे मधून पाय चुकवत चालत होतो.

एकदा मात्र ते उघड्यावर आलं. टीव्हीवर क्रिकेटचा सामना होता, आजूबाजूचे पाच-दहा लोक ओसरीवर येऊन बसलेले, मामा मध्ये खुर्चीवर. ताई पाणी द्यायला आल्या आणि त्यांना सतरंजीच्या कडेला बारीक धूर दिसला. तिथं शेजारची जनकाबाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. ताईंनी तांब्या खाली ठेवला, सरळ बोर्डापाशी गेल्या आणि बटण बंद केलं. टीव्ही बंद. लोक ओरडले. ताईंनी सतरंजी उचलून दाखवली, खाली वायर काळी पडलेली, सतरंजीला भोक.

मामा जागचे हलले नाहीत. ताईंकडं न बघता आत्याबाईंना म्हणाले, "तिला सांग, माह्या लाईनीची एवढी तकलीफ असंल तर माहेरी जाऊन ऱ्हाय म्हणा. तिथं कंदीलच हाय."

सगळ्यांना सेवाची गोष्ट ठाऊक होती. ताई आत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून जोडांवर रबर चढवणंही त्यांनी बंद केलं. मला वाटलं, हरल्या. आता वाटतं, त्या नुसत्या वाट बघत होत्या, आणि ते जास्त वाईट होतं. घरात भांडं पडलं तरी त्या दचकायच्या. मंजू नजरेआड झाली की हातातलं काम टाकून धावायच्या. वारा सुटला की दारात उभ्या राहून लिंबाकडं बघायच्या, फांद्यांसोबत वायर कशी हेलकावते, कोठ्याच्या पत्र्याच्या धारेवर कशी घासते.

दोन हजार दोनच्या भाद्रपदात झड लागली. तीन-चार दिवस पाऊस उघडेना. भाऊजी आणि माझे मालक दुपारी जीपनं सेनगावला गेले होते. मामांनी शेरडं बांधावर चारून आणली आणि कोठ्यापाशी हाकली.

शेरडं आत जाईनात.

पावसात भिजायला शेळी कधी तयार नसते, आडोसा दिसला की ती आधी घुसते. पण त्या दिवशी सगळी दारापाशी गोळा होऊन ओरडत होती आणि पाय मागं घेत होती. मामा काठीनं ढकलत होते. "कोल्हं शिरलं का साप?" असं काहीतरी पुटपुटत होते. मी ओसरीवर मंजूचे केस विंचरत होते. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. ताई स्वयंपाकघरात मुसळानं मिरच्या कांडत होत्या, त्या आवाजानं बाहेर आल्या. उंबऱ्यावर थांबून त्यांनी शेरडांकडं पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि माझा हात मंजूच्या केसांत तसाच राहिला.

मामांनी एका शेळीला मानेला धरून आत लोटलं. तिचं अंग पत्र्याला घासलं. ती उडी मारल्यासारखी वर झाली आणि दाराच्या आतच आडवी पडली. पाय ताठ, थरथरत होते.

"मामा!"

ताई ओरडल्या. सहा वर्षांत त्यांचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"मामा, मागं व्हा! कोठ्याला करंट हाय! पत्र्याला हात लावू नका!"

मामांनी मान वळवून पाहिलं. पावसानं त्यांचं पागोटं निथळत होतं. "घरात जाय," ते म्हणाले. "सापानं चावलंय तिला."

ताई घरात पळाल्या. मला वाटलं त्या त्यांचं ऐकून गेल्या. त्या बोर्डापाशी गेल्या होत्या. मीटरजवळचं किटकॅट, म्हणजे चिनी मातीच्या खाचेत बसवलेला तो फ्यूज, त्यांनी ओढून काढला. स्वयंपाकघरातला बल्ब विझला. आतूनच त्यांचा आवाज आला, "काढलं! किटकॅट काढलं! बंद झाली लाईन!"

माझा जीव भांड्यात पडला. पण मी समोर बघत होते, आणि शेळीचे पाय अजून थरथरत होते. लाईन बंद झाली असती तर ते थांबायला हवे होते. मला ते दिसत होतं आणि त्याचा अर्थ लागत नव्हता.

मामांनी एका हातानं दाराची लोखंडी चौकट धरली आणि शेळीला बाहेर ओढायला वाकले.

ते तसेच राहिले. वाकलेले. चौकटीवरची मूठ सुटेना. तोंडातून घोगरा आवाज निघाला, ओरडणं नव्हतं ते, छातीतून हवा पिळून निघावी तसं काहीतरी. अनवाणी पाय चिखलात ताठ झालेले.

"अगं बाई! धनी!" आत्याबाई सूप टाकून धावल्या.

ताई दारातून बाहेर येत होत्या. किटकॅट काढूनही त्यांचा भरवसा बसला नव्हता, हातात मुसळ होतं, खताच्या कोरड्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं, भिजू नये म्हणून वर पदर झाकलेला. दुसऱ्या हातात जेवायला बसायचा लाकडी पाट. आत्याबाई मामांना धरणार तोच ताईंनी त्यांना खांद्यानं अशी धडक दिली की त्या चिखलात उताण्या पडल्या.

"दिपाली! धर आत्याबाईला! सोडू नको! मेली तरी सोडू नको!"

मी मंजूला घरात ढकलून बाहेरून कडी घातली आणि आत्याबाईंच्या अंगावर जाऊन पडले. त्या मला मारत होत्या, चावत होत्या. "सोड मला, माहं कुंकू चाललं, सोड." मी डोळे मिटले. तरीही तो घोगरा आवाज ऐकू येत होता.

डोळे उघडले तेव्हा ताईंनी पाट चिखलात टाकला होता आणि रबरी चपलांनी त्याच्यावर उभ्या राहिल्या होत्या. कोठ्यापासून हातभर लांब. पिशवीसकट धरलेलं मुसळ त्यांनी उचललं आणि मामांच्या मनगटावर घातलं. आवाज आला. मूठ सुटली नाही. ताईंचे ओठ हलत होते, त्या काय म्हणत होत्या ते मला ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा त्यांनी सगळ्या अंगाचं बळ लावून घातलं. मामांचा हात चौकटीवरून निसटला आणि ते मागं, मोकळ्या अंगणात, आडवे झाले.

"आता सोड आत्याबाईला," ताई म्हणाल्या. "मामांना वढा इकडं. कोठ्याकडं कोणी जायचं न्हाई."

आरडाओरडा ऐकून शेजारच्या आखाड्यावरचे माणिकराव धावत आले. मामांचा श्वास चालू होता, तोंडातून फेस येत होता, उजव्या हाताचा तळवा भाजून पांढरा पडला होता. माणिकरावांचा भाऊ सायकल घेऊन पुसेगावला पळाला, जीप आणायला आणि लाईन बंद करायला सांगायला. जीप आली. आत्याबाई आणि माणिकराव मामांना घेऊन सेनगावला आणि तिथून हिंगोलीच्या दवाखान्यात गेले.

ताई गेल्या नाहीत. कोठ्याचा पत्रा अजून जिवंत होता. बातमी कळून लोक जमायला लागले होते, जो तो शेळी बघायला पुढं जात होता. ताई त्या पाटावर मुसळ आडवं धरून पावसात उभ्या राहिल्या. एक म्हातारा म्हणाला, "पोरी, सरक, मला बघू दे." त्या सरकल्या नाहीत. लाईनमन डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतून, लाईन तोडून आला आणि त्यानं स्वतःचा टेस्टर पत्र्याला लावून दाखवला, तेव्हाच त्या खाली उतरल्या. उतरल्या आणि तिथंच बसल्या. मी कडी काढून मंजूला आणलं, तर तिला घ्यायला त्यांना हात वर उचलवेनात.

लाईनमननं लिंबावर चढून पाहिलं आणि मग आम्हाला कळलं. कडबा कापायचं मशीन घेतलं तेव्हा मीटरवरचा फ्यूज सारखा उडायचा. म्हणून मामांनी कोठ्याची लाईन मीटरच्या अलीकडूनच, लिंबातल्या जोडावरून, परस्पर नेली होती. घरातलं किटकॅट काढून कोठा बंद होणारच नव्हता. ती वायर वाऱ्यानं पत्र्याच्या धारेवर घासून सोलली होती. शिवहार भाऊजींना हे आधी ठाऊक होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

मामा वाचले. मनगटाचं हाड मोडलं होतं, तळहाताची कातडी गेली, दोन बोटं आखडली ती पुन्हा सरळ झाली नाहीत. घरी आले तेव्हा गावात एकच बोलणं होतं, उकंडरावला सुनेनं मुसळानं हाणलं. हसून सांगायचे लोक. पारावर कुणी मुद्दाम विचारायचं, "काय उकंडराव, मुसळ बराबर लागलं का?" मामा गावात जायचे बंद झाले. ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसायचे. ताईंना ते काही म्हणाले नाहीत, बरं नाही आणि वाईटही नाही. ताटलीत भाकरी ताई कुस्करून द्यायच्या, ते डाव्या हातानं खायचे, ताटली सरकवायचे. इतकंच.

आमची लाईन तोडलेलीच होती. दसरा अंधारात गेला. भाऊजी म्हणाले, सेनगावहून मोहनसिंग वायरमनला आणतो, सगळं नव्यानं करू. मामा पहिल्यांदाच बोलले, "बाहेरचा माणूस माह्या लिंबावर चढणार न्हाई." भाऊजी चिडून निघून गेले. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी स्वतः शिडी लिंबाला लावली. आखडलेल्या हातानं एक-एक पायरी चढायला लागले. आत्याबाई तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. ताई भाकरी टाकत होत्या, त्या पिठाच्या हातानं बाहेर आल्या आणि शिडी धरून उभ्या राहिल्या. मामांनी खाली पाहिलं. वर जाऊन त्यांनी पक्कडीनं जुनी वायर तोडायला सुरुवात केली. तुकडे खाली पडत होते, मी आणि मंजू ते गोळा करत होतो. बोटं वळत नव्हती म्हणून पक्कड दोनदा हातातून सुटली. ताईंनी ती उचलून वर दिली.

मध्येच, पानांतून, मामांचा आवाज आला.

"तुह्या बहिणीचं नाव काय व्हतं?"

ताईंनी वर पाहिलं. "सेवा."

वर पक्कड चालत राहिली. मग ते म्हणाले, "तू वरडली ना, किटकॅट काढलं म्हणून. ते म्या ऐकलं. मला ठाऊक व्हतं की कोठ्याची लाईन तिथून न्हाई. ठाऊक असून वाकलो."

"काहून?" ताई म्हणाल्या.

"माह्या हातची लाईन. म्हणलं, मला काय करती."

"आमाला तरी सांगून ठेवायचं मामा. कोठा येगळ्या लाईनीवर हाय म्हणून."

"कोणाला सांगू? तुला?"

शिडीवरची ताईंची मूठ सैल झाली नाही. सगळी वायर उतरली तेव्हा मामा खाली आले, घामानं भिजलेले, आणि अंगणातला तो ढीग बघत म्हणाले, "आता बोलवा तुमच्या मोहनसिंगला. ही सांगंल तसं करंल तो."

मोहनसिंगला ते जड गेलं. बाई मागं उभी राहून काम सांगते याची त्याला सवय नव्हती. "भाभी, आप बैठो ना," असं तो सारखा म्हणायचा. ताई बसायच्या नाहीत. बोर्ड मंजूचा हात पोचणार नाही इतका वर हवा आणि त्याला झाकण हवं. भिंतीवरची प्रत्येक वायर पट्टीत किंवा पाइपात हवी. जोड नकोतच, वायर कमी पडली तर नवी आणा. हौदाची वायर जमिनीखालून पाइपात, वरून विटा, म्हणजे कुदळ मारणाऱ्याला आधी वीट लागेल. मोहनसिंगनं अर्थिंगसाठी खड्डा खणून कोळसा आणि मीठ भरलं, तर त्या खड्ड्यात वाकून बघत होत्या. मीटर ओलांडून परस्पर काही जाणार नाही हे त्यांनी त्याच्याकडून तीन वेळा वदवून घेतलं.

सगळं मात्र त्यांच्या मनासारखं झालं नाही. कोठ्यात लाईनच नको, असं त्यांचं म्हणणं होतं. मामा म्हणाले, शेळी व्यायला झाली तर अंधारात काय बघणार? सगळ्यांनी मामांची बाजू घेतली, मीसुद्धा. शेवटी कोठ्याची वायर स्वतंत्र लाकडी खांबांवरून, पत्र्याला कुठंही न शिवता, पाइपातून गेली, आणि तिचं वेगळं बटण घराच्या दारापाशी बसलं. ताईंनी मान्य केलं. तरी पुढची कितीतरी वर्षं त्या कोठ्यात शिरायच्या आधी ते बटण बंद करायच्या आणि चाचपडत शेरडांचं करायच्या.

मामांचं आणि त्यांचं गोड झालं असं नाही. पण मामा त्यांच्याशी थेट बोलायला लागले. पारावर मुसळाचा विनोद पुन्हा कुणी केला तेव्हा आत्याबाईंनी भर रस्त्यात त्या माणसाला थांबवून सांगितलं, "व्हय, हाणलं. दोन डाव हाणलं. म्हणून माह्या कपाळाला कुंकू हाय." मग ते बोलणं थांबलं. आजूबाजूच्या बाया ताईंना घरी बोलवायला लागल्या, आमची वायर जरा बघा म्हणून. ताई जायच्या, हात लावायच्या नाहीत, लांबून दाखवायच्या, हे झाका, ते उचला, इथं लेकरू खेळू देऊ नका.

दोन हजार सात साली भावाभावांची वाटणी झाली आणि आम्ही त्याच आखाड्यात, हौदाच्या पलीकडं, पक्कं घर बांधायला काढलं. माझं स्वतःचं घर. भिंतीत पाइप घातले, त्यावर गिलावा झाला. त्या दिवशी ताई माहेरी गेल्या होत्या. आल्या त्या सरळ माझ्या घरात. भिंतीवरून हात फिरवला, अजून ओली होती.

"पाइप न बघताच बुजवले?"

"मिस्त्रीनं बघितलं ताई. बराबर हाय सगळं."

"मी न्हाई बघितलं. फोडा."

मिस्त्री हसायला लागला. मी नाही हसले. इतक्या वर्षांचं माझ्याही पोटात साठलं होतं, त्यांच्या भीतीच्या तालावर चालणं, पाय चुकवणं. मी म्हणाले, "ताई, हे घर माहं हाय. तुमचं भ्या तुमच्या घरात ठेवा."

त्यांचा चेहरा असा झाला की बोललेले शब्द मला परत गिळावेसे वाटले. पण त्या गेल्या नाहीत. तिथंच वाळूच्या ढिगावर बसल्या. मंजूनं बोलावलं तरी उठल्या नाहीत, मी चहा दिला तो घेतला नाही. दिवस कलायला लागला. मिस्त्री माझ्याकडं बघत होता. शेवटी मीच थापी उचलली आणि टीव्ही ठेवायच्या जागेच्या वरचा गिलावा खरवडायला लागले. मिस्त्रीनं डोक्याला हात लावला.

आत पाइप सलग होता. वाकणावर नीट बसवलेला, कुठंही चीर नाही, वायर उघडी नाही. ताईंनी जवळ जाऊन तो बोटांनी शेवटपर्यंत चाचपला.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. मग मिस्त्रीकडं वळून, "भाऊ, काम चांगलं केलं तुमी."

मला रडू येत होतं का राग, मला अजून सांगता यायचं नाही. त्यांनी पदर खोचला, घमेल्यात सिमेंट आणि वाळू कालवली, आणि आम्ही दोघींनी मिळून तो तुकडा परत बुजवला. आम्हाला गिलाव्याचं काम येत नव्हतं. तिथं भिंत थोडी फुगली आहे. रंग दिला तरी दिसतं.